पर्स नीट धरा, मास्तर

टण् टण्.

कुठलाही व्यायाम सुरू करायच्या आधी बाई बोटातली अंगठी जवळच्या लोखंडावर दोनदा वाजवायच्या. यंत्राचा दांडा असो, डंबेलचा स्टँड असो, नाहीतर खिडकीचा गज. दोनदा वाजवलं की निघायचं. एकदा वाजवलं की थांबायचं. एसटीत कंडक्टरची नोकरी करून निवृत्त झालेल्या बाईंना दुसरी पद्धत ठाऊक नव्हती आणि शिकायचीही नव्हती. "बोलून तोंड कशाला दुखवायचं?" असं म्हणायच्या आणि पुढे तासभर बोलत राहायच्या.

आमची जिम नगरला सावेडीत, मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मी तिथे पर्सनल ट्रेनर. म्हणजे एका वेळी एकच माणूस समोर घ्यायचा, त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, त्याच्या पाठीकडे-गुडघ्यांकडे लक्ष ठेवायचं आणि वजन फारच जड झालं तर हात द्यायला मागे उभं राहायचं. हे काम मी बरीच वर्षं केलं. मग मधली काही वर्षं सोडलं. वडील अंथरुणाला खिळले होते. माझी बायको वंदना शाळेत शिक्षिका. तिच्या पगारावर घर चालायचं आणि मी अण्णांना उचलायचो, बसवायचो, धुवायचो, निजवायचो. ते गेले. त्यानंतर काही महिन्यांनी मी परत जिमचा जिना चढलो.

परत आलेल्या माणसाकडे लोक कसं बघतात, हे तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. बोलतात गोड, पण नजर चाचपत असते. ह्याला जमेल का अजून? जिमचा मालक सागर कधीकाळी माझ्याच हाताखाली व्यायाम शिकलेला. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "सर, सकाळ-संध्याकाळच्या बॅचेस नव्या मुलांकडे दिल्यात. तुम्ही दुपार घ्याल का? महिना-दोन महिने बघू, मग पक्कं करू."

दुपारी जिममध्ये कोण येतं? गुडघे दुखणारे, डॉक्टरांनी दम देऊन पाठवलेले, आणि बाई.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा नेसत्या साडीवर पांढरेशुभ्र नवे बूट होते. खांद्याला काळी पर्स. ती त्यांनी शेवटपर्यंत कधी लॉकरमध्ये ठेवली नाही. दारात उभ्या राहून सगळीकडे नजर फिरवली.

"एवढे आरसे? सलून हाय का काय?"

मी पुढे झालो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमी मास्तर?"

"ट्रेनर."

"त्येच त्ये. गाडीत लोक मला मास्तर म्हनायचे, बाई आसून. आता तुमी मास्तर, मी प्याशेंजर. कुठवर न्यायचं त्ये मी सांगते." त्यांनी फरशीकडे बोट केलं आणि ते बोट सावकाश वर आणून स्वतःच्या डोक्याशी थांबवलं. "हितनं हितवर. जमिनीवरनं उठायचं. कुनाचा हात न धरता. वजन कमी करायचं न्हाई मला. आता कुनाला दाखवायचंय?"

मग भानगड कळली. बाईंचे यजमान लवकर गेलेले. एकुलती मुलगी नाशिकला दिलेली. बाई सावेडीतच भाड्याच्या घरात एकट्या राहायच्या. दिवाळीच्या आधी मोरीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण काही केल्या उठता येईना. संध्याकाळी दूधवाल्याने हाक ऐकली, शेजारी गोळा झाले, दार उघडलं. मुलगी धावत आली आणि म्हणाली, बस्स झालं, आता माझ्याकडे चल. बाईंच्या मनात वेगळंच होतं. अकोले तालुक्यात राजूरला त्यांचं माहेरचं घर होतं. निवृत्तीनंतर तिथे जाऊन राहायचं, हे त्यांनी नोकरीत असल्यापासून ठरवलेलं. शेवटी मायलेकींत तोड निघाली.

"पोरगी म्हनली, जमिनीवरनं एकटीनं उठून दाखव, मंग जा राजूरला. न्हाई जमलं तर उन्हाळ्याच्या आत नाशिक." बाईंनी पर्स मांडीवर घेतली. "आता मला सांगा, नाशकात मी काय करू? तिथं सगळ्या गाड्या आदीच भरल्याल्या."

बाईंचं बोलणं असं. जिममध्ये शिरल्या की दारात रेंगाळणाऱ्या पोरांना म्हणायच्या, "आत सरका, आत सरका, दारात उभं ऱ्हाऊ नका," आणि पोरं खरोखर आत सरकायची. जानेवारीत नवीन वर्षाचे संकल्प करून आलेली मंडळी ट्रेडमिलवर घामाघूम झालेली पाहून मला हळूच सांगायच्या, "ह्यो निळा शर्ट संक्रांतीला उतरनार. त्यो जाडा म्हैनाभर टिकंल. ती पोरगी मातुर शेवटच्या स्टॉपची हाय." निळा शर्ट संक्रांतीनंतर दिसला नाही. एक सभासद वर्षाची फी भरून फक्त सुरुवातीला आला होता. त्याच्या लॉकरकडे बघून बाई म्हणायच्या, "पास काढल्याला हाय, पन येत न्हाई. आसले प्याशेंजर लई ग्वाड."

एकदा मी त्यांना अर्ध्या चेंडूसारख्या रबरी फुग्यावर उभं करायचं ठरवलं. तोल सुधारायला तो वापरतात. खाली फळी, वर फुगा, उभं राहिलं की सगळं डुलतं. धडधाकट मुलं त्याच्यावरून कोसळतात. मी बाईंच्या दोन्ही बाजूंना हात पसरून तयार राहिलो. बाई चढल्या, पाय थोडे फाकवले, गुडघे जरा सैल सोडले आणि उभ्या राहिल्या. फुगा डुलत होता, बाई नव्हत्या. पदर सारखा करता करता त्यांनी जांभई दिली.

"करंजी घाट हाय का ह्यो?" म्हणाल्या. "आमी घाटात उभ्यानं तिकिटं फाडायचो. हालत आसलं की मला जमतं बघा. थांबल्याल्या जमिनीचंच वंगाळ हाय."

हे मात्र खरं होतं. थांबलेल्या जमिनीवर त्यांचे पाय थरथरायचे. उभ्याने केलेल्या नोकरीने गुडघे झिजलेले, मांड्यांतला जोर गेलेला. म्हणून मी उंच बाकापासून सुरुवात केली. बाकावर बसायचं, हात न टेकता उठायचं. मग त्याहून ठेंगणं स्टूल. मग पाट. पाटानंतर जमीन.

आणि इथेच माझी गडबड व्हायला लागली.

माझं काहीतरी बिघडलं होतं, आणि ते मला कळत नव्हतं. बेंचवर उताणा झोपलेला माणूस वजनाचा दांडा वर ढकलतो, तेव्हा ट्रेनरने हात दांड्याखाली तयार ठेवायचे असतात, लावायचे नसतात. माझे लागायचे. बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ दुपारी यायचे. महिन्याभरात आपण उचलतो ते वजन किती वाढलं म्हणून ते खूश होते. एके दिवशी मी नसताना त्यांनी दुसऱ्या ट्रेनरसमोर तेवढंच वजन घेतलं, तर दांडा जागचा हलेना. सागरने मला बाजूला घेतलं. हसून बोलला, पण डोळे हसत नव्हते.

"सर, फी त्यांची आणि व्यायाम तुमचा, असं चाललंय."

"चुकून होतं."

"रोज?"

मी गप्प बसलो. गप्प बसणं हा माझा जुना धंदा.

बाईंच्या बाबतीत तर कहर व्हायचा. त्या स्टुलावरून उठायला लागल्या, जरा अडखळल्या, की माझा हात त्यांच्या काखेत. कधी गेला ते मलाही कळायचं नाही. टण्! एकच ठोका. म्हणजे थांबा.

"मास्तर, तिकीट मी काढलंय. उतरायचं बी मलाच."

"सॉरी, बाई."

दुसऱ्या खेपेला पुन्हा हात. पुन्हा टण्.

"आवो, येतो कुठनं ह्यो हात? मला दिसत बी न्हाई!"

शेवटी एके दिवशी त्यांनी बाकावरची पर्स उचलली आणि माझ्या पुढ्यात धरली. "हं. धरा. एका हातानं न्हाई, दोनी हातांनी. आत चाव्या हायत, गोळ्या हायत, चष्मा हाय. पडली तर बघा मंग."

त्या दिवसापासून बाईंची वेळ झाली की मी, एवढा दंडाचा माणूस, दोन्ही हातांत बायकांची काळी पर्स छातीशी धरून उभा. बँकेचे गृहस्थ सायकल मारता मारता म्हणाले, "सर, शोभते तुम्हाला. बुटांना मॅचिंग आहे." सागरने मोबाईल काढला, तर बाईंनी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने तो परत खिशात घातला.

पाटापर्यंत आम्ही पोचलो. जमीन राहिली होती. होळी होऊन गेली, ऊन तापायला लागलं. उन्हाळा म्हणजे नाशिक, हे दोघांनाही माहीत होतं, पण कोणी बोलत नव्हतं.

जमिनीवरून उठायची रीत मी त्यांना शिकवली होती. कुशीवर वळायचं, चारी हातापायांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं, त्या मांडीवर दोन्ही हात दाबायचे आणि उठायचं. पाऊल रोवण्यापर्यंत सगळं व्हायचं. पुढे मांडी दगा द्यायची.

अशाच एका दुपारी लाईट गेली. पंखे थांबले, गाणी थांबली, ट्रेडमिलवरचा शेवटचा मुलगा वैतागून घरी गेला. सागर खाली दुकानात जाऊन बसला. बाई मॅटवर दोनदा प्रयत्न करून दमल्या होत्या. त्या सरळ उताण्या झाल्या.

"थांबा वाईच. लाईट येईस्तोवर पडते."

मी पर्स धरून उभा. जिम एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती.

"त्या दिशी मोरीत पडले ना," बाई छताकडे बघत म्हणाल्या, "तवा भ्या कशाचं वाटलं ठावं हाय?"

"दुखण्याचं?"

"न्हाई. मराचं बी न्हाई. म्हनलं, आता कुनीतरी येनार, उचलनार. मंग त्याला रोजच उचलाया लागनार. जावई चांगला हाय माझा. त्येच तर वाईट हाय. चांगल्या मानसाला कटाळल्यालं बघवत न्हाई."

मी पर्सचा लोंबणारा पट्टा गुंडाळून घेतला.

"तुमच्या वडलांना कोन उचलायचं?"

सागरने सांगितलं असणार. "मीच," मी म्हणालो.

"कसं उचलायचे?"

"मागून. काखेत हात घालून."

"हां!" बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तरीच म्हनते, काखंतच कसा येतो दर टायमाला." मग पुन्हा छताकडे बघायला लागल्या. "गेले तवा मोकळं वाटलं आसंल."

विचारलं नाही त्यांनी. नुसतं सांगितलं, पुढचा स्टॉप कुठला ते सांगावं तसं.

अण्णा गेल्यावर घरी आलेला प्रत्येक माणूस मला श्रावणबाळ म्हणून गेला होता. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, म्हणाले. आत्याने माझे दोन्ही हात डोळ्यांना लावले. दर वेळी मला वाटायचं, आता ओरडून सांगावं. सांगितलं कधीच नाही. बायकोलाही नाही. आणि त्या बंद पंख्यांखाली, एका प्रवासी बाईची पर्स हातात धरून मी बोलायला लागलो.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा उठून चहाचं आधण ठेवलं आणि अण्णांची कूस बदलायला त्यांच्या खोलीत गेलो. हात लावल्याबरोबर कळलं. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग स्वयंपाकघरात परत आलो. चहा उकळत होता. गॅस बंद केला, चहा गाळला, खुर्ची ओढून बसलो आणि तो प्यायलो. सगळा. गरम. त्या सगळ्या वर्षांत माझा एकही कप मी गरम प्यायलो नव्हतो, निम्म्यावर अण्णांची हाक यायचीच. त्या दिवशी हाक येणार नव्हती. शेवटच्या घोटापर्यंत मी आरामात प्यायलो, आणि तो मला फार चांगला लागला. मग कप ठेवला आणि वंदनाला उठवून सांगितलं, अण्णा आत्ताच गेले.

"बाप आत मरून पडलेला आणि मी चहा पीत बसलो होतो," मी म्हणालो. "आणि लोक मला श्रावणबाळ म्हणतात."

मला वाटलं, आता ह्या उठून जातील. मग आठवलं, त्यांना उठता येत नाही.

"आलं हुतं का चहात?" त्यांनी विचारलं.

"होतं."

"मंग चांगला झाला आसंल."

"झाला होता."

"हां." त्यांनी हात पोटावर ठेवले. "आमची मुक्कामी गाडी आसायची. शेवटचा प्याशेंजर गावात उतरला, का मी आन् डायवर गाडीतच बसून ऱ्हायचो वाईच. इंजिन बंद, दार उघडं. बोलायचं न्हाई, हिशोब करायचा न्हाई, डबा बी सोडायचा न्हाई. नुसतं बसायचं. दिसभर लोकांची वझी, लेकरं, वकाऱ्या, भांडनं. आता कुनी न्हाई." थोडं थांबून म्हणाल्या, "म्हून काय आमाला प्याशेंजर नको हुते व्हय? दुसऱ्या दिशी पहाटं त्येंनाच घ्यायला उभं की."

एवढ्यात लाईट आली. पंखे फिरले आणि मघाशी अर्ध्यात तुटलेलं गाणं छातीवर आदळावं तसं सुरू झालं. मी दचकलो. बाई कुशीवर वळल्या.

"पर्स नीट धरा, मास्तर." टण् टण्.

त्या दिवशीही त्या उठू शकल्या नाहीत. पाऊल रोवलं, मांडी थरथरली, परत बसल्या. पण माझे हात जागेवर राहिले. हे माझ्या आधी त्यांच्या लक्षात आलं. "आज न्हाई आला," एवढंच म्हणाल्या.

घरी गेलो तर वंदना वाटाणे सोलत बसली होती. मी तिच्या समोर बसलो. एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायला सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. चहाचा कप येईपर्यंत कसाबसा आलो आणि अडकलो.

"माहीत आहे मला," वंदना म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"अण्णांच्या घशातली घरघर पहाटेच थांबली होती. मी जागीच होते. तुम्ही आत गेलात, बाहेर आलात. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा." तिने एक शेंग फोडली. "म्हटलं, पिऊ दे एक कप निवांत. तुम्ही हलवलंत तेव्हा झोपेतून उठल्यासारखं केलं."

मी तिच्या पुढ्यातली एक शेंग उचलली.

"इतके दिवस बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात? मला वाटायचं, आपणच काय त्या उलट्या काळजाच्या. सासरा गेला तर अंथरुणात पडून राहिले." तिचा आवाज जरा ओला झाला, मग हसली. "आणि तो कप विसळला नव्हतात. लोक यायच्या आधी मी विसळला."

मी उठून चहा टाकला. आलं जरा जास्तच पडलं. दोघं समोरासमोर बसून प्यायलो, आणि त्या रात्री मला जी झोप लागली तशी कित्येक वर्षांत लागली नव्हती.

त्यानंतर माझे हात सुधारले. एकदम नाही. एखाद्या वेळी बोटं दांड्याकडे जायची, मी मागे घ्यायचो. बँकेच्या गृहस्थांच्या दांड्यावरचं वजन पुष्कळ खाली आलं आणि मग खरोखरीचं वाढायला लागलं. आधी ते माझ्यावर रुसले होते, नंतर बोलायला लागले.

आणि एका दुपारी बाई उठल्या.

तसं खास काही नव्हतं त्या दिवशी. मॅटवर पडल्या, अंगठी बाकाच्या पायावर वाजवली, कुशीवर वळल्या. चारी हातापायांवर आल्या. पाऊल पुढे रोवलं. मांडीवर दोन्ही हात दाबले. मांडी थरथरायला लागली, आणि नेहमी जिथे त्या परत बसायच्या तिथे अर्ध्यातच थांबल्या. वर नाही, खाली नाही. बँकेचे गृहस्थ सायकल थांबवून बघत होते. सागर काउंटरमागून बाहेर आला. मी पर्स इतकी गच्च आवळली की आतली गोळ्यांची पाकिटं करकरली.

"गोळ्या!" बाई दातांतून म्हणाल्या. "हळू धरा!"

आणि उठल्या. दोन पावलं पुढे गेल्या, सावरल्या, सरळ उभ्या राहिल्या. जिममधल्या आरशांकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता एका आरशासमोर जाऊन पदर नीट केला, केस मागे सारले. मग बँकेच्या गृहस्थांच्या सायकलच्या दांड्यावर अंगठी वाजवली. टण्. एकदाच.

"स्टॉप आला," म्हणाल्या.

सागर टाळ्या वाजवत होता. बाईंना पाणी देऊन झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. "सर, पुढच्या महिन्यापासून सकाळची एक बॅच घ्याल ना? पक्कंच धरा." मी हो म्हणालो. अजून पर्स हातातच होती.

मुलीसाठी बाईंनी तोच प्रकार व्हिडिओ कॉलवर पुन्हा करून दाखवला, मोबाईल सागरच्या हातात देऊन. मुलगी रडायला लागली. "रडती काय, पैज हारलीस!" बाई ओरडल्या.

राजूरला निघाल्या त्या दिवशी मी त्यांना सोडायला तारकपूरच्या स्टँडवर गेलो. सामान आधीच टेम्पोने गेलं होतं. त्यांच्याजवळ एक पिशवी आणि ती पर्स. गाडी लागली. एसटीची पहिली पायरी किती उंच असते, तुम्हाला माहीत आहे. बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि मी न सांगता दोन्ही हात पुढे केले. त्यांनी पर्स दिली, दाराचा दांडा धरला आणि चढल्या. थेट ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन, खिडकीशी बसल्या. सीटचं कव्हर हाताने झटकलं, समोरचा दांडा चाचपला. खूप दिवसांनी माहेरी आलेली बाई भिंतींना हात लावून बघते, तसं.

गाडीची कंडक्टर खाकीतली एक तरुण मुलगी होती. ती अजून खाली, कंट्रोलच्या खिडकीशी नोंद करत होती. ड्रायव्हर स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेला.

टण् टण्.

हात आपोआप गेला असणार. अंगठी दांड्यावर वाजली, ड्रायव्हरने मागेपुढे न बघता गिअर टाकला आणि गाडी सुटली. कंट्रोलच्या खिडकीशी मुलगी किंचाळली, "ओ मामा! आहो मामा! मी खालीच हाय!" ती धावली. मी माझ्या हातांकडे पाहिलं. पर्स! मग मीही धावलो. पुढे कंडक्टर, मागे पर्स छातीशी धरून मी, आणि स्टँडवरची माणसं शेंगदाणे खायची थांबून बघतायत.

टण्.

गाडी थांबली. मुलगी धापा टाकत दारात चढली. "कुनी वाजवली? कुनी वाजवली बेल?" आतली सगळी माणसं हसत होती. बाई खिडकीबाहेर, भलतीकडेच बघत होत्या.

"मावशी, तुमी का?"

"आगं, मी बी तुज्याच खात्यातली. हात थांबतोय व्हय?"

मुलगी आधी रागावली, मग तिलाही हसू आलं. मी खिडकीखाली पोचलो. बाईंनी गजांतून हात बाहेर काढला.

"आना ती. लई दिस धरली तुमी."

मी पर्स वर दिली. गजांतून ती जाईना, बाईंनी आडवी करून आत ओढली, उघडून चष्मा आहे का पाहिलं आणि मांडीवर ठेवली. या वेळी खऱ्या कंडक्टरने दोनदा दोरी ओढली आणि गाडी स्टँडबाहेर पडली.

बाईंचा फोन येतो मधूनमधून. अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडायला जमिनीवरच बसते म्हणतात, आणि उठते.

त्या दिवशी मी स्टँडवरून सरळ जिममध्ये गेलो. दुपारची वेळ. बँकेचे गृहस्थ बेंचवर उताणे होऊन वाट बघत होते. मी त्यांच्या डोक्याशी जाऊन उभा राहिलो. माझ्या बोटात अंगठी नाही. खिशातून गाडीची किल्ली काढली आणि दांड्यावर दोनदा वाजवली.

त्यांनी खालून माझ्याकडे पाहिलं. "हे काय, सर?"

"निघा," मी म्हणालो, आणि हात मागे बांधून उभा राहिलो.